झटका दोन मिनिटांचा, गोळी दोन वर्षांची
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख : फिट आणि अपस्मार



मागच्या महिन्यात मुलांच्या वॉर्डात एका मुलाला फिट आली. पहिल्या वर्षाच्या दोघी जणी खाटेपासून मागे सरल्या, तिसरी दातांत घालायला चमचा शोधत धावली आणि मुलाच्या आजोबांनी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. मी कोणालाच रागावले नाही. विद्यार्थिनी असताना मीसुद्धा चमचाच शोधला होता. पण त्याच संध्याकाळी ठरवले की या अंकातला अभ्यासलेख फिटवर लिहायचा.

आपण सातपुड्याच्या पायथ्याशी काम करतो. इथे फिटचा रुग्ण आपल्याकडे पोहोचतो तो बहुधा उशिरा, आणि आला तरी टिकत नाही. म्हणून या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. झटका चालू असतानाच्या दोन मिनिटांत काय करायचे ही पहिली. झटका थांबल्यावर पुढची दोन-तीन वर्षे गोळी कशी चालू ठेवायची ही दुसरी. पुस्तकात पहिलीवर जास्त पाने असतात. माझ्या अनुभवात रुग्णाचे नुकसान दुसरीत जास्त होते.

झटका आणि अपस्मार यांतला फरक

मेंदूतील पेशी सौम्य विद्युत्‌संदेशांनी एकमेकींशी बोलतात. कधी पेशींचा एखादा समूह अचानक, एकाच वेळी आणि गरजेपेक्षा फार जास्त संदेश सोडू लागतो. मग जे दिसते त्याला आपण झटका, फिट किंवा आकडी म्हणतो. ताप आला म्हणजे मलेरियाच असे नसते. तसेच झटका आला म्हणजे अपस्मारच असेही नसते. झटका हे लक्षण आहे.

तात्कालिक कारणाने येणारे झटके आधी ओळखा, कारण तिथे मूळ कारणावरच उपचार करावा लागतो. रक्तातली साखर उतरणे, मेंदूचा मलेरिया, मेंदूज्वर, रोजची दारू अचानक बंद होणे, डोक्याला ताजा मार ही अशी कारणे. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला झटका आला तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती एक्लॅम्प्सिया समजावी. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाला तापात येणारी थोड्या वेळाची आकडी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिला अपस्मार म्हणत नाहीत. मात्र मान ताठ आहे का, मूल सुस्त आहे का, हे पाहून मेंदूज्वर नाही याची खात्री डॉक्टरांनी करायलाच हवी.

असे तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून जास्त अंतराने दोन किंवा अधिक झटके आले तर त्याला अपस्मार म्हणतात. एकच झटका आला, पण तपासण्यांवरून तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच दिसली, तरी डॉक्टर हे निदान करतात. लोक याला मिरगी किंवा फेफरे म्हणतात. अपस्मार हा शब्द जुना आहे, चरकसंहितेतही तो आढळतो. ‘स्मार’ म्हणजे स्मृती, ती निघून जाते तो अपस्मार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर १०० पैकी ७० रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. हा शेवटचा आकडा पाठ करा. तो तुम्हाला नातेवाइकांना सांगायचा आहे.

आपल्या भागातली कारणे

बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. जिथे सापडते तिथे ही कारणे लक्षात ठेवा : जन्मल्यावर बाळ उशिरा रडणे, लहानपणी मेंदूज्वर होऊन जाणे, डोक्याची जुनी दुखापत, मेंदूतील क्षयाची गाठ, आणि सिकलसेलच्या रुग्णात मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने झालेली इजा. घरी चांगल्या रीतीने होऊ न शकणारे बाळंतपण वेळेवर दवाखान्यात आणणे हासुद्धा अपस्मार टाळण्याचाच उपाय आहे.

आणखी एक कारण नीट समजून घ्या, कारण त्याचे उत्तर परीक्षेत नेहमी चुकते. डुकराचे मांस खाल्ल्याने मेंदूत जंत जातात असे विद्यार्थी लिहितात. खरा क्रम असा आहे. नीट न शिजलेल्या मांसातून अळी पोटात गेली की आतड्यात फीतकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे कोणाच्या पोटात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन गाठी करतात. म्हणजे ज्याने मांस कधी चाखलेले नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो. शौचालय, साबणाने हात धुणे आणि मांस पूर्ण शिजवणे हे तिन्ही सांगावे लागते.

झटक्याचे प्रकार

सर्वांगाचा मोठा झटका सगळ्यांना ओळखता येतो. माणूस ओरडतो, ताठ होऊन पडतो, मग हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो, कधी जीभ चावली जाते, कधी लघवी होते. नंतर तो गाढ झोपतो किंवा काही वेळ गोंधळलेला राहतो.

पण सगळे झटके असे नसतात. शाळेतले मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा बोलू लागते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. एखाद्याच्या फक्त एका हाताला किंवा तोंडाच्या एका कोपऱ्याला झटके येतात आणि तो पूर्ण शुद्धीत असतो. एखादी बाई अचानक गप्प होऊन ओठ चाटते, पदराशी चाळा करते आणि नंतर तिला काही आठवत नाही. तिला ‘वारे लागले’ असे घरचे म्हणतात. आश्रमशाळेच्या तपासणीत आणि पाड्यावरच्या भेटीत हे प्रकार मुद्दाम विचारा. कोणी आपणहून सांगत नाही.

झटका चालू असताना

१. घड्याळ पाहा. वेळ लक्षात ठेवणे हे पहिले काम.
२. विस्तव, पाणी, दगड, धारदार वस्तू यांपासून रुग्णाला दूर करा किंवा त्या वस्तू हलवा. डोक्याखाली कापडाची घडी ठेवा. गळ्याशी कपडा किंवा माळ घट्ट असेल तर सैल करा.
३. शक्य होताच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ व उलटी बाहेर येईल.
४. तोंडात काहीही घालू नका. चमचा, बोट, कापड, पाणी, औषध, काही नाही. माणूस जीभ गिळत नाही. चमच्याने मात्र दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जातो.
५. हातपाय दाबून धरू नका. दाबल्याने झटका थांबत नाही, हाड मात्र मोडू शकते.
६. चप्पल, कांदा किंवा लोखंड हुंगवून काही होत नाही. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्याच वेळी चप्पल नाकाशी असते, म्हणून श्रेय तिला मिळते.
७. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोबत राहा. गर्दी हटवा, अंगावर पांघरूण घाला. लघवी झालेली असेल तर ती चारचौघांत दिसू नये एवढे तरी आपण करू शकतो.

मोठा झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला, किंवा मधे शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर तो आपोआप थांबेल असे धरून चालू नका. पूर्वी ही मर्यादा ३० मिनिटे शिकवत, आता ५ मिनिटांनंतर उपचार सुरू करतात. गरोदर बाई, मधुमेही, पहिलाच झटका, पाण्यात आलेला झटका, डोक्याला लागलेले असणे, यांत ५ मिनिटांचीही वाट न पाहता दवाखान्यात हलवा.

वॉर्डात क्रम असा : श्वासाची वाट मोकळी, ऑक्सिजन, बोटाच्या थेंबावर साखर, मग शीर. औषध डॉक्टरांच्या आदेशाने, पण तयारी तुमची. शिरेतून लोराझेपाम दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम, सावकाश. शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम नाकातून, दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत निम्मे निम्मे, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. डायझेपाम दंडात किंवा मांडीत टोचू नये, ते तिथून खात्रीने शोषले जात नाही. या औषधांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून अंबू बॅग हाताशी हवी. फेनिटॉइन सलाइनमध्येच द्यावे, ग्लुकोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. प्रौढांत वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि नाडी व रक्तदाबावर लक्ष हवे. एक्लॅम्प्सियात मुख्य औषध मॅग्नेशियम सल्फेट. प्रत्येक पुढच्या डोसाआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण तपासा, कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवा.

तुमची नोंद म्हणजे डॉक्टरांचे डोळे

डॉक्टर येईपर्यंत झटका संपलेला असतो. मधल्या काळात काढलेला मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, चांगला आला तरी अपस्मार नाही असे म्हणता येत नाही. म्हणून पाहणाऱ्याने काय पाहिले यावर निदान उभे राहते. एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातावरून वर सरकताना बारकाईने पाहिला, आणि मेंदूचा कोणता भाग कोणत्या अवयवाला हलवतो याचा अंदाज बांधला. तेव्हा ईईजी यंत्र निघालेलेही नव्हते.

तुमच्या नोंदीत हे हवे : किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला, कोणत्या अवयवापासून सुरू झाला, डोळे व मान कोणत्या बाजूला वळली, शुद्ध होती का, जीभ चावली का, लघवी झाली का, नंतर एखादा हात किंवा पाय काही काळ लुळा होता का, पूर्ण सावध कधी झाला. ‘पेशंटला फिट आली’ एवढ्या तीन शब्दांचा कोणाला उपयोग नाही. घरी झटका आला तर घरच्यांनी मोबाइलवर चित्रण करून आणावे असेही सांगा.

मी न विचारलेला प्रश्न

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळते. मी नवी स्टाफ नर्स होते तेव्हाची ही हकीकत. डोंगरातल्या एका पाड्यावरची १४ वर्षांची मुलगी आमच्याकडे फेनोबार्बिटोन घेत होती. आधी तिला आठवड्याला दोन-तीन झटके येत. गोळ्या सुरू झाल्यावर ८ महिने एकही आला नव्हता. दिवाळीनंतर आठवड्याभरात आई तिला घेऊन आली. नियमाप्रमाणे मी एक महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या, पुढची तारीख लिहिली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

त्याच आठवड्यात ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातमध्ये गेले. आपल्या भागातली निम्मी घरे दिवाळीनंतर कुलूपबंद होतात हे मला ठाऊक होते. तरीही कुठे जाणार आहात, हे मी विचारले नाही. महिन्याने गोळ्या संपल्या. त्यानंतर काही दिवसांनी, पहाटे पालापुढे भाकरी थापताना मुलीला फिट आली आणि तिचा उजवा हात चुलीत गेला.

होळीला ते परतले तेव्हा जखम भरली होती, पण बोटे तळहाताकडे ओढून चिकटली होती. मी आईला विचारले, गोळ्या का बंद केल्या? ती पावरी बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा : पोरगी तर बरी झाली होती सिस्टर, बरी झाली तरी गोळी घ्यायची असते हे तुम्ही कुठे सांगितलेत?

माझ्याकडे उत्तर नव्हते. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात ‘समुपदेशन केले’ असे लिहिलेले होते.

ती आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात येते. गोळी चुकवत नाही, झटके नाहीत. तो हात मात्र पूर्ण उघडत नाही. दरवर्षी नव्या तुकडीला हा धडा शिकवताना मला तो हात आठवतो.

गोळीबद्दल काय सांगायचे

फेनोबार्बिटोन अपस्मारावर १९१२ पासून वापरात आहे. त्याशिवाय फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट, लेव्हेटिरासिटाम ही नेहमीची औषधे. कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही सांगायचे ते असे :

• गोळी झटका आल्यावर घ्यायची नसून तो येऊ नये म्हणून रोज घ्यायची आहे.
• झटके थांबल्यानंतरही साधारण किमान २ वर्षे ती चालते, आणि मग डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर पूर्वीपेक्षा मोठा, न थांबणारा झटका येऊ शकतो.
• विसरली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ झालेली असेल तर एकच घ्या, दोन एकदम नकोत.
• अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात या. हे विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत पाहा.
• फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. रोज दात घासायला शिकवा.
• लग्नाच्या वयाची मुलगी किंवा बाई असेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. व्हॅलप्रोएटमुळे पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते. फॉलिक ॲसिडबद्दलही विचारा. पण दिवस राहिले म्हणून तिने स्वतःहून गोळी सोडायची नाही.
• फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांनी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे फिटच्या औषधांची रक्तातली मात्रा घटू शकते. म्हणून रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून पाहा.

आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न : कुठे जाणार? किती महिने? तिथे गोळी कोण देणार? उत्तर मिळाले की डॉक्टरांना सांगून परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या, वर पंधरा दिवसांच्या जास्त, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्या. औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी मराठीत आणि गुजरातीतही द्या. बरोबरच्या टोळीतल्या एकाला तरी कुशीवर वळवायला शिकवा. वाचता न येणाऱ्या आईला गोळी रोजच्या कामाशी जोडून द्या, ‘संध्याकाळची भाकरी झाली की गोळी’. शेवटी तिच्याच तोंडून सगळे पुन्हा वदवून घ्या. ते झाल्यावरच ‘समुपदेशन केले’ असे लिहा.

विस्तव आणि पाणी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला प्रभू येशूकडे आणतो. मूल जमिनीवर पडते, तोंडाला फेस येतो, अंग ताठ होते. त्या भागावर बोलणे हे पाळकांचे काम आहे. नर्स म्हणून माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. प्रभू बापाला आधी विचारतो की हे किती दिवसांपासून होत आहे. बाप सांगतो की लहानपणापासून, आणि मुलगा कितीदा विस्तवात व पाण्यात पडला आहे. दोन हजार वर्षांनंतरही आपल्या रुग्णांचे धोके हेच आहेत.

म्हणून घरभेटीत चूल पाहा. ती उंच ओट्यावर घेता येईल का, भाकरीचे काम दुसऱ्या कोणाला देता येईल का, ते घरच्यांशी बोला. नदीवर किंवा विहिरीवर एकट्याने जायचे नाही, झाडावर चढायचे नाही, गाडी चालवायची नाही. होळीच्या दिवसांत रात्ररात्र जागरण आणि मोहाची दारू या दोन्हींनी झटके येतात. काठीच्या होळीला जाऊ नको असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही. गोळी बरोबर ने, दारू घेऊ नको, दिवसा झोप काढ, हे सांगितले तर ऐकतात.

बडव्याबद्दल भांडू नका. त्याच्याकडे जाऊ नका म्हटले की लोक आपल्याकडेच येणे बंद करतात. मात्र तापल्या लोखंडाचे डाग, धुरी आणि उपाशी ठेवणे यांना ठाम नकार द्या. हा आजार स्पर्शाने होत नाही, म्हणून झटक्यात माणसाला हात लावायला हरकत नाही, हे गावासमोर स्वतः करून दाखवा. फिट येते म्हणून शाळा सोडावी लागत नाही, आणि लग्नही अडू नये. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार पूर्वी लग्नाला आड येत होता, तो उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला गेला.

१७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. तो बहुधा दिवाळीच्या मागेपुढे, म्हणजे लोक बाहेर पडण्याच्या दिवसांतच येतो. यंदा त्या आठवड्यात पोस्टर रंगवण्याऐवजी प्रत्येकीने रजिस्टरमधली पाच नावे घ्यावीत, त्यांच्या घरी जावे आणि पिशवीतल्या गोळ्या मोजाव्यात, अशी माझी विनंती आहे.

स्वाध्याय

१. झटका आणि अपस्मार यांतला फरक पाड्यावरच्या आजीला समजेल अशा चार वाक्यांत लिहा.
२. तुम्ही पाहिलेल्या एका झटक्याची नोंद वर दिलेल्या मुद्द्यांप्रमाणे करा.
३. शाकाहारी माणसालाही मेंदूत फीतकृमीच्या गाठी कशा होऊ शकतात?
४. रुग्ण चार महिन्यांसाठी ऊसतोडीला जाणार आहे. त्याला निरोप देताना तुम्ही काय विचाराल, काय द्याल आणि काय वदवून घ्याल?

उत्तरे वहीत लिहून पुढच्या महिन्याच्या वर्गात आणावीत. परमेश्वर तुमच्या हातांना यश देवो.

तुमची,
सिस्टर ट्यूटर